आपांचा योद्धा पळू लागला

शमसुन्निसा आपांनी उरणच्या उर्दू शाळेत सत्तावीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्तीनंतर त्या नेरूळला प्राचीच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकायला गेल्या आणि तिथे तलवारबाजीच्या एका गेमच्या नादी लागल्या. आपल्या योद्ध्याची ताकद वाढवत त्यांनी तो तीनदा पूर्ण केला. मग दुसऱ्या भागाची वाट पाहण्यात अडीच वर्षं गेली.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात प्राचीचा फोन आला. "आपा, सीडी आलीय. तुमच्याशिवाय लावणार नाही."

आपा मिळेल त्या बसने निघाल्या. पहिल्या भागात नुसती अंधारी तळघरं होती. इथे पडद्यावर लख्ख उजेडात हिरवंगार मैदान उघडलं, त्याच्या टोकाला एक ओढा. त्यांनी माउस जरा जास्तच दाबून धरला आणि योद्धा चक्क पळत सुटला.

"अगं प्राची, हा पळतो! तेव्हा मेला नुसता चालायचा!"

पळवत पळवत त्यांनी त्याला थेट राक्षसांच्या टोळीत नेऊन घातलं. मिनिटभरात तो आडवा झाला. आपा खळखळून हसल्या.

"मग, कसा वाटला?" प्राचीने विचारलं.

"आत्ता काही विचारू नकोस." आपांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. "त्या ओढ्यापलीकडे काय आहे, ते आधी बघू दे."