सुनेच्या गढीतली फौज

बोरी अरबच्या इंदुताई फोनवरचा गढीचा खेळ खेळायला लागल्या त्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे. डॉक्टरांनी उन्हाळाभर बसून राहायला सांगितलं होतं आणि बसून राहणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. शेवटी त्यांच्या मुलानं, रजतनं, फोनवर खेळ टाकून दिला. म्हणाला, "आई, हे खेळ, पण वावरात जाऊ नोको."

खेळात प्रत्येकाची एक गढी असते. गढीत धान्य असतं, फौज असते. बरेच जण मिळून एक जथा होतो आणि जथे एकमेकांशी तह करतात किंवा लढतात. न सांगता तह मोडला, की मोडणाऱ्याच्या नावापुढं फुटक्या शिक्क्याचं चित्र लागतं. ते कित्येक आठवडे सगळ्यांना दिसत राहतं.

इंदुताईंच्या जथ्याचा म्होरक्या होता दिग्रसचा लालसिंग, मोबाइल दुरुस्तीवाला. त्याला लढाई कळायची, बोलणी जमायची नाहीत. दोन वाक्यांत समोरच्याला चिडवून मोकळा व्हायचा. म्हणून बोलणी इंदुताईंकडे आली. पोळ्याला कोणाची बैलजोडी तोरणाखाली पुढं उभी राहावी यावरून रुसलेल्यांची समजूत गावात त्याच घालायच्या. इथं फक्त माणसं दिसत नव्हती, एवढाच फरक.

एकदा राजूरच्या वामनरावांचा जथा यांच्याशी तहात असताना त्यांची सगळी फौज बाहेर गेली. लालसिंग म्हणाला, "काकू, आताच मारू. गढ्या उघड्या आहेत."

"तह आहे ना? पयले मोडला म्हणून सांगाचं, मंग लढाचं."

त्यांनी तसं कळवलं, मुदत जाऊ दिली, तोवर वामनरावांची फौज परतली; मग लढले आणि हरले. लालसिंग आठवडाभर कुरकुरला. पण त्या दिवसापासून खाणीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले वामनराव, युद्ध चालू असतानाही, इंदुताईंनी सांगितलेली गोष्ट पुन्हा तपासून बघत नसत. दुसरे जथेही तह करताना विचारायचे, "काकू हो म्हणल्या का?"

मग रजतचं लग्न झालं आणि सुरभी घरात आली. केळापूरकडची, हसरी पोरगी. सासूशी बोलायला काहीतरी विषय असावा म्हणून तिनं खेळ घेतला आणि इंदुताईंनीच तिला शिकवला. फौज कधी बाहेर काढायची, धान्य कुठं दडवायचं, कोणाशी किती गोड बोलायचं, सगळं. पावसाळा सरेपर्यंत सुरभीची गढी सासूच्या गढीपेक्षा मोठी झाली. पुढं तिनं एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन जथ्यांना एका तहात बसवलं. जथा एकत्र फोनवर बोलायचा तेव्हा पूर्वी कोणीतरी विचारायचं, "काकू काय म्हणते?" आता विचारू लागले, "वहिनी काय म्हणते?"

स्वयंपाकात सून पुढं गेली असती तर इंदुताईंना काही वाटलं नसतं. भाजी कोणी केली याचं त्यांना कधीच सोयरसुतक नव्हतं. पण हे एक राज्य असं होतं, जिथं त्या कोणाची बायको म्हणून गेल्या नव्हत्या, कोणाची आई म्हणूनही नाही. तिथंही आता त्या सुरभीची सासू झाल्या. ओट्यावर तूर निवडता निवडता आतून सुरभीचं फोनवरचं हसणं ऐकू यायचं आणि त्यांच्या हातून खड्याबरोबर चांगले दाणेही फेकले जायचे. माझेच शब्द बोलते, त्या मनाशी म्हणायच्या. माझ्याच चालीत बोलते, अन् लोक तिले वाहवा देतात.

दिवाळीनंतर लालसिंगनं बोलणी करायचा मान सुरभीला दिला. "काकू, तुमालेही आराम," तो म्हणाला.

"बरं झालं बाप्पा," इंदुताई म्हणाल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पोट बरं नाही म्हणून सांगितलं. सुरभीनं ओवा आणून दिला, तो त्यांनी तिची पाठ वळताच खिडकीबाहेर टाकला.

काही दिवसांनी सुरभी त्यांच्याजवळ येऊन बसली. "आई, नदीघाटाचा किल्ला घ्यायचा म्हणते मी. माझी सगळी फौज न्यावी लागते. तुमची फौज माझ्या गढीत ठेवाल का? दुसऱ्या कोणाले मी हे सांगतलं नाही."

"ठेवते ना," इंदुताई म्हणाल्या. आणि ठेवलीही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुरभीची फौज नदीघाटाकडे निघाली. इंदुताईंनी आपली फौज हळूच काढून घेतली आणि अजूनही वैरात असलेल्या वामनरावांना फोन लावला. "सुरभीची गढी रिकामी आहे," एवढंच बोलल्या. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर वामनरावांनी आधी टेहळणी केली असती. शब्द इंदुताईंचा होता. ते थेट चालून आले. चहा व्हायच्या आत गढी जळाली. आपलीच फौज परत बोलावली म्हणून खेळात काही तह मोडत नाही, त्यामुळं इंदुताईंच्या नावापुढं फुटका शिक्का लागला नाही.

सुरभी फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. चेहरा उतरलेला. "आई, तुमची फौज?"

"आपोआप परतली वाटते. मी पाहालेच विसरली."

"जाऊ द्या. तुमी मनाले लावून घेऊ नोका," सुरभी म्हणाली आणि चहा गाळायला लागली. ती चिडली असती तर इंदुताईंना सोपं गेलं असतं.

सुरभीची गढी गेली, नदीघाटही राहून गेला, तेव्हा बोलण्यांचा मान आपसूक पुन्हा इंदुताईंकडे आला. पहिलंच काम होतं वामनरावांशी तह करायचं. त्यांनी मोठ्या उमेदीनं फोन केला. वामनराव त्यांच्या उपकारात होते ना!

 वामनराव म्हणाले, "इंदुताई, राग मानू नका. तुमच्याशी तह नको."

"काहून? मी सांगतलं ते खोटं निघालं का?"

"खरं निघालं, म्हणूनच. घरच्या माणसाची गढी तुम्ही मला दाखवली. उद्या माझी कोणाला दाखवाल, हे मला कसं कळणार?" पुढं म्हणाले, "मी हे कुठं बोलणार नाही. पण बोलणी करायला सुरभीला पाठवा. मी तिची गढी जाळली, तरी त्या दिवशी तिनं मला वाकडा शब्द ऐकवला नाही."

इंदुताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यातही अधिक बोचली ती शेवटची गोष्ट. वैऱ्यालाही सुरभीच पाहिजे होती.

लालसिंगला त्यांनी सांगितलं की वामनराव सुरभीचंच नाव घेतात. सुरभीनं बोलणी केली आणि तह झाला. वामनरावांनी आपला शब्द पाळला, इंदुताईंचं नाव घेतलं नाही. फक्त फोन ठेवता ठेवता तिला म्हणाले, "बेटा, राखणीची फौज कोणाची ठेवतेस ते बघत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी कापूस वेचत होत्या. सुरभीनं विचारलं, "आई, वामनकाका असं काहून म्हणले?"

इंदुताईंच्या ओटीत कापूस होता, हात बोंडावर होता. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण आलं नाही. "मीच सांगतलं त्याले," त्या म्हणाल्या. "फौजही मीच काढली. तुयं कवतिक मले पाहावत नव्हतं."

सुरभीनं पुढचं झाड धरलं. कापसाची ओळ संपेपर्यंत ती वेचत राहिली. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पोचल्यावर म्हणाली, "मले तर वाटे, मी चांगली खेळली की तुमाले बरं वाटते. तुमीच शिकवलं म्हणून." आणि कापूस गंजीवर रिकामा करून पाणी प्यायला गेली.

घरात काही बदललं नाही. चहा वेळेवर मिळाला, गुडघ्याला तेल मिळालं, रजतला कळलंही नाही. इंदुताई रोज आपल्या गढीतलं धान्य सुरभीला पाठवू लागल्या. तिची गढी पुन्हा उभी राहिली. सुरभी धान्य ठेवून घ्यायची, आभार मानायची. फौज मात्र तिनं पुन्हा मागितली नाही.

परवा दुपारी इंदुताईंनी पाहिलं, सुरभी सासऱ्यांच्या, किसनरावांच्या, फोनवर खेळ टाकून देत होती. किसनराव चष्मा कपाळावर सरकवून विचारत होते, "हे लाल काय आहे? दाबू का?"

"नोका दाबू बाबा, ती फौज आहे. ती माझ्या गढीत ठेवायची. अन् मंग हात नाही लावायचा."

"नाही लावत," किसनराव म्हणाले.

इंदुताई दारातच थांबल्या. त्यांना आत जाऊन सांगावंसं वाटलं, की या माणसाची फौज पहिल्याच हल्ल्यात मरते, राखणीला बसवायची तर माझी बसव. किसनरावांचा, आपल्याच नवऱ्याचा, त्यांना इतका हेवा वाटला, की त्या तशाच मागच्या मागं वळल्या आणि सुपात तूर घेऊन ओट्यावर जाऊन बसल्या.