साहेबांचा डावा डोळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. हर्सूलच्या तळ्यात मगरीच्या पाठीवर बसून फिरलो, हे निजामाच्या अर्ध्या मुलखाला सांगून झालंय—पण ते खोटं होतं, तोंडातून सहज निघायचं. हे खरं आहे.

औरंगाबादेत सरकारी कचेरीत कारकून होतो. चहाच्या वेळी सगळी कचेरी माझ्या गोष्टी ऐकायला टेबलाभोवती. मग इंग्रजी टाइपरायटरवर युसूफभाई आला. मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. पण नुसते एक्स, ओ, एम ठोकून त्यानं कागदावर बीबीचा मकबरा उभा केला—चारी मिनार धरून. जवळून बघाल तर अक्षरांचा चिवडा. दहा हात मागं सरकलं की मकबरा. झालं. माझी मगर तळ्यात एकटीच राहिली.

जळलो का? लई. वखारीला आग लागावी तसा.

आमच्या कचेरीच्या साहेबांना बढती मिळाली, ते हैदराबादला निघाले. युसूफभाईनं त्यांचा चेहरा टाइप करायला घेतला. पसंत पडला तर साहेब आपल्याला सोबत नेतील, एवढीच त्याची आस. साहेबांचा डावा डोळा तिरळा होता. चित्रात त्यानं तो सरळ केला.

"नाना, अल्लानं दिलंय ते दिलंय," मला म्हणाला, "आपण कशाला दाखवायचं?"

दुपारच्या नमाजाला जाताना तो कागद मशीनमध्येच ठेवायचा—काढला की ओळी परत जुळत नाहीत. हे मला कुणी शिकवलं? त्यानंच. आणि मी... रूळ मागं फिरवला. डाव्या डोळ्यात, नाकाच्या बाजूला, एक एम ठोकला. एकच. डोळा पुन्हा तिरळा व्हायला तेवढा पुरे. रूळ होता तिथं आणून ठेवला.

तो आला, हनुवटी पुरी केली. दहा हातांवरून ते चित्र त्यानं पहिल्यांदा पाहिलं ते निरोप समारंभात, सगळ्यांबरोबरच. मागं कुणीतरी फिस्कन हसलं.

"हे तुम्ही केलंत?" साहेबांनी विचारलं.

"मशीन मीच चालवतो, साहेब. हात चुकला असंल."

आणि मी? मगरीवर बसणारा मी—चपराशाच्या आड सरकलो.

तिसऱ्या दिवशी त्याची वैजापूरला बदली झाली. जाताना माझ्या टेबलावर एक कागद ठेवून गेला. मी वाकून पाहिलं—अक्षरंच अक्षरं. चपराशी दारातूनच म्हणाला, "नाना, हे तर तुम्हीच. गोष्ट सांगताना."

कागद माझ्या पेटीत आहे. दहा हातांवरून मी तो अजून पाहिलेला नाही.