कांताबाई आणि दुर्बिणीचं पाणी

दिवसाची शेवटची तपासणी संपली की कांताबाई दुर्बिणीला जोडलेली पाण्याची बाटली मोरीत ओतून टाकत. अर्धी भरलेली असली तरी. वाशीममधल्या माझ्या छोट्या रुग्णालयात मोठ्या आतड्याची तपासणी दुर्बिणीने होते. नळी आत गेल्यावर तिची काच धुवायला या बाटलीतलं पाणी सोडतात. ते निर्जंतुकच असावं लागतं. एकदा मी म्हटलं, "बाई, उद्या चाललं असतं की." त्या वर न बघता म्हणाल्या, "दिसते साफ साहेब, पन उद्यापरेंत त्यात काय काय पोसते, ते तुमाले दिसते काय?"

घरी वांग्या-मेथीचा मळा. सकाळी भाजी बाजारात पोचवून त्या साडेआठला हजर असत. प्रत्येक दुर्बीण आतून ब्रशने घासायची, औषधात बुडवायची, धुवायची, हवेने कोरडी करून टांगायची. तोवर कोणाशी बोलणं नाही. मी घाई केली की एवढंच: "तुमचं काम पोटात पाहाचं. पोटात काय जाते ते पाहाचं काम माहं."

एका मे महिन्यात रुग्णालय टँकरवर चाललं होतं, त्यात निर्जंतुक पाण्याच्या बाटल्या संपल्या. बाहेर चार रुग्ण बसलेले. त्यांत मंगरूळपीरकडच्या एक आजी होत्या. शौचावाटे रक्त जायचं. आदल्या दिवसापासून उपाशी, आतडं साफ करायला दिलेल्या जुलाबाच्या औषधाने पार गळालेल्या. मी म्हणालो, "फिल्टरचं भरा. आपण पितोच ना ते?"

कांताबाईंनी बाटली पाठीमागे धरली. "मी भरत नाही."

"माणसं उपाशी आहेत, बाई."

"मले दिसून राह्यलं. तरी भरत नाही."

आजींचा मुलगा दारात येऊन ओरडला, "कायले बसवून ठेवलं आमाले?" त्याला उत्तर द्यायला मी उठलो नाही. कांताबाईच गेल्या. "पानी संपलं भाऊ, चूक आमची हाय. पन तुह्या मायच्या पोटात कोनतंबी पानी मी जाऊ देनार नाही."

अकोल्याहून बाटल्या यायला तीन तास लागले. मी आजींना सलाईन लावली आणि खोलीत धुमसत बसलो. कांताबाई त्यांचे पाय चेपत बसल्या. दुपारी तपासणी झाली, गाठ सापडली. पुढे शस्त्रक्रिया होऊन आजी बऱ्या झाल्या.

त्या संध्याकाळी मी विचारलं, "एवढा हट्ट काहून हो, बाई?"

उरलेलं पाणी मोरीत ओतत त्या बोलल्या. "पयल्या नोकरीत, दुसऱ्या गावी, मी नळाचं पानी भरत जाय. कोनी सांगतलंच नोतं. तिघाइले ताप आला. त्यात एक मास्तर होते, किमोनं आधीच खंगलेले. ते गेले. त्या पान्यानंच गेले का, देवाले ठाऊक. मले कोनी इचारलंच नाही, साहेब. इचारलं असतं तं बरं झालं असतं."

त्यानंतर मी पाण्यावरून कधी वाद घातला नाही. पण दुसरी एक गोष्ट माझ्याकडून राहिली. दुर्बिणी बुडवायच्या औषधाची वाफ त्या बंद खोलीत कोंडायची आणि कांताबाईंना खोकला लागला होता. "हवा बाहेर टाकणारा पंखा बसवू," मी म्हणायचो. पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात म्हणता दोन वर्षं गेली. जिना चढवेना तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. पंखा लागला तो त्यानंतर.

मागच्या हिवाळ्यात मी त्यांच्या मळ्यात गेलो. त्या मेथीच्या जुड्या बांधत होत्या, मध्येच थांबून श्वास घेत होत्या.

"पंखा लावला म्हन्तात?"

"लावला."

"माह्या जागी आलेल्या पोरीले खोकला येते काय?"

"नाही."

"मंग झालं तं," म्हणाल्या आणि दम लागला म्हणून बांधावर बसल्या. मीही शेजारी बसलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. परत निघेपर्यंत ते शब्द तोंडातून निघाले नाहीत.