बापाने न कापलेलं गवत

माणूस शेजाऱ्याचा हेवा करतो, भावाचा करतो, साडूचा तर करतोच करतो. पण पोटच्या पोराचा हेवा करतो असं कुणी कबूल करत नाही. कॉलेजच्या मैदानावर गवत राखणारा गवत्या तसला बाप होता. गवत्या हे नाव कॉलेजच्या पोरांनी ठेवलेलं. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणीतरी घ्यायचं.

माणूस तसा वाईट नव्हता. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. सकाळी मैदानावर जायचं, मशीन ढकलत गवत कापायचं, फुटबॉलचा सामना असला की दोरी ताणून फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायच्या, गोलची जाळी फाटली तर शिवायची. बाईने घरातली फरशी राखावी तसं त्याने ते मैदान राखलं होतं. कुणी भलत्या वेळी बूट घालून आत शिरलं, की हा लांबूनच विचारायचा, "काय रे, आईच्या ओट्यावरही असाच चढतोस का?"

याच मैदानावर, याच कॉलेजकडून तो स्वतः खेळला होता. मधल्या फळीत. खेळ चांगला होता म्हणतात. पण मोठ्या क्लबात पगार घेऊन खेळायचं तर आधी तुम्हाला कुणीतरी पाहावं लागतं, आणि त्या काळी क्लबाची माणसं इकडे फिरकत नसत. गवत्याला कुणी नापास केलं नव्हतं. पाहायलाच कुणी आलं नव्हतं. नापास झालेला माणूस एकदा रडून मोकळा होतो. याचं ते आतच राहिलं, दाताच्या फटीत कण राहावा तसं. कॉलेज संपलं, तिथेच गवत कापायची नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा झाला, आणि जीभ आपली त्या कणाकडे जातच राहिली.

मुलगा मोठा होऊन त्याच कॉलेजात गेला आणि त्याच मधल्या फळीत खेळू लागला. त्याचा पास जमिनीलगत जायचा, सरळ, ज्याला हवा त्याच्या पायात. म्हणून पोरं त्याला दोरी म्हणायची. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, हा गवत्याचा मुलगा. तोवर ठीक होतं. दुसऱ्या वर्षी बाहेरगावचा एक पाहुणा गवत्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे दोरीचे वडील ना?" त्या दिवशी गवत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

मग घरातलंही सगळं डोळ्यांत सलायला लागलं. बायको घरी शिवणकाम करायची. त्या पैशांतून मुलाला नवे बूट आले, ते सललं. सकाळी त्याच्या ताटलीत दोन अंडी पडायची, तेही.

"मला एक आणि त्याला दोन?"

"तो बॉलमागे धावतो, तुम्ही गवतामागे," बायको म्हणाली. "गवत काय पळून जात नाही."

तशात एक दिवस खेळाचे सर आले. शनिवारी शेजारच्या कॉलेजशी सामना होता आणि दोरीचा खेळ पाहायला एका मोठ्या क्लबाचा माणूस येणार होता. सरांनी समजावून सांगितलं, "हुरळून जाऊ नका हं. ही माणसं शंभर पोरं पाहतात, दहा बोलावतात, त्यातलं एखादं ठेवतात." पुढचं गवत्याने ऐकलंच नाही. पाहायला येतोय, एवढंच त्याच्या कानात घुमत राहिलं.

आता गवताची गंमत अशी असते, की ते बारीक कापलं तर बॉल सरसर पळतो आणि वाढू दिलं तर अर्ध्या वाटेत दमतो. जमिनीलगत पास देणाऱ्याचं सगळं त्यावर. सामन्याआधी दोन दिवस गवत कापायचं, हा गवत्याचा नेम. त्या गुरुवारी मशीन बाहेर निघालं नाही. शुक्रवारीही नाही. एवढ्यातेवढ्या गवताने काय होतंय, खरा खेळणारा कुठेही खेळतो, असं त्याने स्वतःला पटवलं. मन हा मोठा स्वस्त वकील. ज्याने ठेवला त्याच्या बाजूने बोलतो.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, गवत बरंच वाढलंय."

"मशीनची पाती बोथट झालीयेत."

"मी घासून आणू?"

"माझ्या मशीनला हात लावायचा नाही."

"बरं. तसं दोन्ही संघांना सारखंच आहे म्हणा," असं म्हणून तो बूट पुसायला बसला. मनात काही नाही, चेहऱ्यावर काही नाही. भांडला असता तर बापाला सोपं गेलं असतं.

बायकोने दातांत धरलेला दोरा तोडला. "पाती परवाच घासून आणलीत ना?"

"तू आपली सुई बघ."

"सुईच बघतेय. टोचतेय कुणाला ते कळेना."

शनिवारी सामना सुरू झाला. क्लबाचा माणूस पायावर पाय टाकून खुर्चीत बसला होता. गवत्या कुंपणाला टेकून उभा. दोरीने पहिला पास दिला तो मध्येच मेला. दुसरा समोरच्याच्या पायात गेला. तिसऱ्याच्या वेळी त्याचा साथीदार बॉलच्या अपेक्षेने पुढे पळाला आणि बॉल मागेच राहिला. क्लबाच्या माणसाने हातातलं पेन खिशाला लावलं आणि मोबाइल काढला.

गवत्याला आतून गुदगुल्या झाल्या. कळू दे म्हटलं, पाहिलं न जाणं म्हणजे काय ते. लाजही वाटली, नाही असं नाही. पण लाज मागाहून आली.

हाफटाइमला मुलगा पाणी प्यायला कुंपणापाशी आला. उकिडवं बसून त्याने गवतावरून तळवा फिरवला आणि बापाकडे वर पाहिलं.

"उचलून मारतो आता," तो म्हणाला.

आणि खरंच तो उचलून मारायला लागला. बॉल बुटाच्या टोकावर घेऊन सगळ्यांच्या डोक्यांवरून पलीकडे टाकायचा. कापलेल्या गवतात असा बॉल टप्पा घेऊन थेट गोलकीपरच्या हातात पळाला असता. या वाढलेल्या गवतात तो पडला की तिथेच बसायचा, पाट मांडल्यासारखा. डावीकडचा पोरगा धावत जायचा आणि आयता उचलायचा. असाच एक गोल झाला, मग दुसरा. क्लबाच्या माणसाने मोबाइल खिशात टाकला आणि पेन काढलं.

गवत्याच्या तोंडचं पाणी पळालं. ती चाल त्याची स्वतःची होती. त्याच्या वेळी गवत वर्षातून एकदोनदा कापायचे, तेव्हा सगळे असंच खेळायचे आणि तो सगळ्यांत बरा खेळायचा. मुलगा लहान असताना गोलच्या मागच्या पट्ट्यात त्यानेच त्याला असे बॉल उचलून दिले होते, तेही मशीन थंड होईपर्यंत वेळ जायला म्हणून. आता तीच चाल, त्याच मैदानावर, आणि पाहायला खुर्ची टाकून माणूस बसलेला. वर मुलाच्या पायात एक मऊपणा होता, तो बापाच्या पायात कधी नव्हता. करायला गेला एक आणि झालं भलतंच. आधी नुसता जळत होता, आता भडकाच उडाला.

सामना संपल्यावर क्लबाचा माणूस त्याच्याकडे आला. "तुमच्या मुलाला उचलून मारायला कुणी शिकवलं? हल्ली येत नाही कुणाला."

"मी" म्हणायची एवढी संधी जन्मात परत आली नसती. पण न कापलेलं गवत पायाखाली होतं, आणि गवत्याची जीभ उचलली नाही.

"शिकला कुठेतरी," तो म्हणाला.

मुलाला महिन्याभरासाठी क्लबात बोलावणं आलं. असेच बरेच जण येणार होते, त्यातून निवडायचं होतं. तो गेला आणि घरात रोज फोन वाजायला लागला. तिथे जर्सी धुवायला माणूस आहे. पाय चोळून द्यायला वेगळा माणूस आहे. काय आणि किती खायचं ते सांगायला एक बाई आहे. बायको शेजारणींना सांगत सुटली. गवत्या म्हणाला, "लाडावतायत. पाय चोळून घेऊन कुणी मोठा झालाय का?" सरांनी चौकशी केली की म्हणायचा, "असेल बरा." रात्री कूस बदलताना मात्र त्याला त्या क्लबातलं गवत दिसायचं, आणि त्यावर खेळताना कधी मुलगा, तर कधी तो स्वतः.

महिना झाला आणि मुलगा भर दुपारी बॅग घेऊन दारात उभा राहिला. आईने चेहऱ्यावरून ओळखलं आणि काही न विचारता पानं वाढली.

"नाही ठेवलं," तो बसता बसता म्हणाला. "चांगला आहेस म्हणाले. पण माझ्या जागेवर माझ्याहून चांगले तिघं आहेत. एक असता तर ठीक होतं. तिघं." आणि हसला. ते हसणं बघून आईने तोंड फिरवलं.

झालं, सुंठीवाचून खोकला गेला. इतके दिवस मनात जे होतं ते आपण होऊन झालं होतं. गवत्या हातात घास धरून वाट पाहत बसला, की आता गुदगुल्या होतील. झाल्या नाहीत.

"कोण तिघं?" त्याने विचारलं.

"असेच. एक उंच आहे, एक डाव्या पायाचा, एक माझ्याहून लहान."

"उचलून मारता येतं त्यांना?"

"उंच आहे त्याला येतं."

"तुझ्यासारखं?"

"माझ्यासारखं नाही. पण पळतो चांगला."

"पळतात काय, घोडेही पळतात. आणि तो लहान? त्याचं काय एवढं?"

"तो लहानपणापासून क्लबातच शिकलाय, बाबा. तिथेच राहतो, तिथेच शाळा."

"म्हणजे सगळं आयतं," गवत्या म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "याला दोन अंडी मिळाली तर माझं पोट दुखत होतं, आणि त्याला तिथे बसल्या जागी सगळं मिळतंय."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. मुलगा बापाकडे बघत राहिला.

बायको पोराला म्हणाली, "जेव तू. यांना जळायला एक पुरत होता, तू तीन घेऊन आलास. आता महिनाभर झोप नाही या माणसाला."

"सर फोनवर म्हणाले, परीक्षेनंतर लहान क्लबांची निवड असते," मुलगा हळूच म्हणाला. "तिथे जाऊन बघ म्हणाले."

"हे तिघं तिथे येतील?"

"ते कशाला येतील?"

"आले तर?" गवत्या पुढे सरकला. "तो डाव्या पायाचा. त्याचा उजवा कसा आहे?"

मुलाने थोडा विचार केला. "उजवा नुसता उभं राहण्यापुरता आहे."

"हं," गवत्या म्हणाला, आणि इतका वेळ हातात धरलेला घास त्याने तोंडात घातला.