दत्ता, आता भोंगा होईल हं!

दत्ताच्या पेपरचे दोघेजण दारात आले, तेव्हा मी भाकरी थापत होते. "या, बसा," म्हटलं तरी बसेनात, चपलाही काढेनात. मग एकाने उभ्याउभ्याच सांगितलं. पूर्वेकडच्या सीमेवर त्याच्या जीपजवळ तोफेचा गोळा पडला होता. दत्ता जागच्या जागी गेला... तव्यावरची भाकरी जळून काळी झाली, तरी कुणी ती उतरवली नाही.

दत्ता माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा हा अर्ध्या चड्डीत होता, आणि नसत्या चौकशा करण्यात तेव्हापासूनच पटाईत. बातमीदार झाला याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. पण गेल्या उन्हाळ्यात निर्वासितांचे हाल लिहायला सीमेवर गेला, आणि तिथून निराळाच माणूस परत आला. पहिल्याच दिवशी जेवताना गिरणीचा भोंगा झाला. अख्खं सोलापूर ज्या भोंग्यावर घड्याळ लावतं, तो ऐकून हा ताट उलथून थेट पलंगाखाली! मुलं खिदळली. मीही हसले असते, पण त्याचा चेहरा दिसला... तेव्हापासून भोंग्याच्या जरा आधी मी स्वयंपाकघरातून हाक मारायची, "दत्ता, आता भोंगा होईल हं!" तो म्हणायचा, "ऐकलं, वहिनी." तेवढं कानावर आलं की माझा जीव भांड्यात पडायचा.

थंडीत लढाई पेटली आणि गडी पुन्हा पिशवी भरायला लागला. मी दार अडवून उभी राहिले.

"हितं भोंग्याला घाबरतोस, तितं तर खरे गोळे हायत. भ्या वाटत न्हाई?"

"लई वाटतं की, वहिनी." त्याने पिशवीचे बंद आवळले. "पण तितं माणसं पोरंबाळं घेऊन पळायलीत. आमी समदे भिऊन घरात बसलो तर त्यांचं कोण लिवनार?"

मी दारातून बाजूला झाले. तो पाया पडला आणि निघाला. मग रेडिओवर बातम्या लागल्या की मी भीतीने बंद करायची, आणि भीतीनेच पुन्हा लावायची.

लढाई संपली. लढाईमुळे बंद ठेवलेले रस्त्यावरचे दिवे पुन्हा लागले. माझी जीभ मात्र ऐकत नाही. परवा भाकरी थापताना तोंडातून निघूनच गेलं, "दत्ता, आता भोंगा होईल हं!" बाहेरच्या खोलीतून काही उत्तर आलं नाही... भोंगा झाला, आणि मी पिठाच्या हातांनी कान गच्च झाकून घेतले. तिथे, त्या रस्त्यावर, गोळा पडायच्या आधी त्याला कोण सांगणार होतं?