पंचमीचं ताट

आमच्या मायच्या ऋषिपंचमीच्या जेवणाला मी लहानपणी 'पाला' म्हणायचे आणि त्याबद्दल दर वर्षी एक धपाटा खायचे. पण पालाच तो! गणपती बसले की दुसऱ्या दिवशी पंचमी. त्या दिवशी उपास धरणाऱ्या बाईनं बैलाच्या कष्टाचं काही तोंडात घालायचं नाही. आता कळमनुरीकडच्या, कयाधूकाठच्या आमच्या गावात बैलाविना काय पिकत होतं, सांगा? ज्वारी गेली, गहू गेला, डाळी गेल्या. घाणा बैल फिरवायचा म्हणून तेल गेलं, उसाचा चरक बैल फिरवायचा म्हणून गूळही गेला. उरलं ते परसात कुदळीनं खणून लावलेलं अळू, भोपळा, दोडका. ते मिठाच्या पाण्यात शिजवायचं आणि तोंड वाकडं न करता खायचं.

हे व्रत मायला लावून दिलं मोठ्या मायनं. मोठी माय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. भिंतीला भिंत लागून घर, आणि उपासतापासाच्या बाबतीत तिचा शब्द गावात शेवटचा. माय तिला 'बाई' म्हणायची आणि तिच्यापुढे कधी मोठ्यानं बोलायची नाही. मला मात्र मोठी माय पटायची नाही. माझं तोंड तेव्हापासूनच चालायचं.

तर त्या मोठ्या दुष्काळात आमची बैलजोडी गेली. एक बैल उन्हाळ्यात गोठ्यात बसला तो उठलाच नाही. दुसऱ्याला तरी चारा मिळावा म्हणून बाबांनी त्याला चालवत हट्टा गावाला मामाकडे नेऊन सोडलं. परत आले ते दोन दिवस रिकाम्या गोठ्यातच बसून होते. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "शेत बटईनं देऊन टाकू. नांदेडला गिरणीत वळख हाय. खोली घेऊ अन् राहू."

खरं सांगते, मला आतून उकळ्या फुटल्या. मी अकरा-बारा वर्षांची. नांदेड एकदाच पाहिलेलं. नळाला आपोआप येणारं पाणी, बर्फाचा गोळा, आणि सिनेमाच्या थेटरावर घराएवढी बाई रंगवलेली! विहिरीवरून घागरी वाहून डोक्यावरचे केस गेलेल्या पोरीला आणखी काय पाहिजे? मी तर मनातल्या मनात फ्रॉकसुद्धा घडी करून ठेवला.

माय भाकरी थापत होती. ती थापायची थांबली नाही. "एकदा शेत सोडून गेलेलं कोण परत आलं? तुमच्या भावकीतलं एक तरी नाव सांगा."

बाबा भाकरी कुस्करत राहिले.

"पंचमीपर्यंत थांबा," माय म्हणाली. "त्या दिवशी माझ्या ताटात माझ्या शेतातलं पडलं, तर आपून हितंच राहायचं. न्हाई पडलं, तर मी सोताहून बोचकं बांधते. एक शब्द बोलणार न्हाई."

"पंचमीला?" बाबा हसले, पण ते हसणं कडूजहर होतं. "बैल न्हाईत, अन् शेतातलं खाणार?"

"बैल न्हाईत म्हणूनच तर खाता येईल."

झालं! दोघांचं ठरलं. मला कुणी विचारलं नाही.

पाऊस झाला तशी माय कुदळ आणि सुतळी घेऊन बांधालगतच्या अर्ध्या एकरात उतरली. सुतळी ताणून सरळ ओळी धरायच्या, वीतभर अंतरानं कुदळीचं टोक मारायचं आणि त्यात मूग टाकायचे. कडेनं मका. ती पुढं वाकून टोचे मारायची, मी मागून दाणे टाकायची. "दोन दाणे टाक, तीन न्हाई," असं ती दिवसातून शंभरदा म्हणायची. मी रागानं कुठं कुठं चार टाकले, ते पुढं माझ्यावरच उलटलं, कारण तिथली जादा रोपं उपटायची विरळणी तिनं मलाच करायला लावली. येणारा-जाणारा बांधावर थांबून गंमत बघायचा. "वहिनी, मूग पेरून राहिल्या का जमिनीचे दात कोरून राहिल्या?" असंही एक जण बोलला. बाबा त्या रानाकडे फिरकले नाहीत. ते दुसऱ्यांच्या कामाला जायचे, संध्याकाळी पारावर बसायचे आणि घरी आले की विचारायचे, "पंचमी किती दिवसांवर आली?"

शेजारचं रान एका मुसलमान शेतकऱ्याचं होतं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांना मायचे हाल बघवेनात. एक दिवस ते जोडी घेऊनच बांधावर आले. "वहिनी, कायको इतकी तकलीफ? माझे बैल रिकामे हायेत. बाकीचं रान दोन दिवसांत पेरून देतो, हे पण नीट करून देतो."

मायनं बाकीच्या रानाला हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. "त्याचं घरधन्याला विचारा. पण ह्या तुकड्यात बैलाचा पाय नको, दादा. पंचमीला चालत न्हाई."

चाचा बैलांकडे बघत म्हणाले, "तुमचा देव लई कडक हाय, वहिनी." आणि बैल वळवून गेले.

मला तर मायला गदागदा हलवावंसं वाटलं. चालून आलेले बैल परत पाठवते ही बाई! बाबांनी ऐकलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. बाकीचं रानही त्यांनी पेरू दिलं नाही. पंचमी झाली की जायचंच आहे, मग कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मूग चांगले उगवले. पण त्यांच्यापेक्षा चांगलं तण उगवलं! आठ दिवस झड लागली, खुरपं धरता येईना, आणि उघडीप झाली तेव्हा मूग कुठला न् गवत कुठलं कळेना. माय पहाटेपासून खुरपायला बसायची. चार ओळी पुढं जावं, तर मागच्या चार हिरव्या. तिची बोटं सुजून अशी झाली की भाकरी थापता येईना. मग भाकरी माझ्याकडे आल्या. एकीकडून जाड, दुसरीकडून कच्च्या, मध्ये भोक. बाबांनी दोन दिवस त्या मुकाट्यानं खाल्ल्या. त्यांचं मन कशानं पालटलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पण ते माझ्या भाकरींनी पालटलं असं मी आजही सगळ्यांना सांगते.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी रानात गेलो तर बाबा आधीच तिथं उभे. शेजारी आमचा डवरा पडलेला. पिकाच्या दोन ओळींमधलं तण काढायचं ते लाकडी औत, एरवी बैल ओढतो. बाबांनी त्याला दोरी बांधून ती स्वतःच्या छातीवरून खांद्यावर घेतली होती.

"बघत काय राहिलीस? धर," ते मायला म्हणाले.

मायनं मागून डवरा धरला आणि बाबांनी ओढला. पहिल्या ओळीला ते दोनदा गुडघ्यावर आले. मी बांधावर उभी होते आणि मला हसूही येईना, रडूही येईना. ज्या माणसाच्या दारात कालपर्यंत जोडी होती, त्यानं भर दिवसा गावाच्या रस्त्याकडेला दोरी अंगावर घ्यावी, ही काय साधी गोष्ट आहे? जाणारे-येणारे थांबले, पण त्या दिवशी कुणाला गंमत सुचली नाही. तीन दिवसांत रान स्वच्छ झालं. बाबांच्या खांद्याचं सालटं निघालं, आणि तरी ते म्हणतच होते, "तण काढलं म्हणजे मी राहतो म्हणालो असं न्हाई हां. ठरलं ते ठरलं."

पोळा आला. गावभर बैलांना कामाची सुट्टी; ते सजले, वाजतगाजत निघाले. बाबा दाराकडे पाठ करून झोपून राहिले. पुढं पाच दिवसांनी पंचमी. इकडे मुगाच्या शेंगा काळ्या पडून वाळायला लागल्या होत्या, कणसं दाण्यानं भरली होती. आदल्या संध्याकाळी मायनं पाटीभर शेंगा आणि दहा कणसं घरात आणून ठेवली. तिच्या तोंडावरचं ते हसू मी दुष्काळानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

पंचमीच्या सकाळी गावातल्या बायका नदीवर गेल्या. आघाड्याच्या काड्यांनी दात घासायचे, आंघोळ करायची, वाळूत सात खडे मांडून सात ऋषी म्हणून पुजायचे. मी मायचं लुगडं धरायला गेले होते. पूजा झाली, आणि एका बाईनं कौतुकानं म्हटलं, "यंदा हिच्या ताटात मूग हायेत बरं का! हातानं केलेले."

मोठी माय केस पुशीत होती. ती थांबली. "कुठल्या रानातले? ज्यात डवरा फिरला त्या?"

"डवरा फिरला, पण बैल न्हवता, बाई," माय म्हणाली.

"मग डवरा काय वाऱ्यानं चालला? दोरी कोणाच्या खांद्यावर होती?"

माय खाली मान घालून म्हणाली, "ह्यांच्या." पोरीबाळी फिसफिसल्या.

"मग झालं तर," मोठी माय म्हणाली. "औत आलं, ओढणारा आला, म्हणजे कष्ट आले. बैलाच्या जागी जो उभा राहिला तो आजच्या दिवशी बैलच धरायचा. त्याच्या कष्टाचं तुला खाता येत न्हाई. मी काहून खोटं सांगू? माझं काय त्यात?"

बायकांत कालवा झाला. कुणी म्हणे चालतं, कुणी म्हणे चालत नाही. माय एवढंच म्हणाली, "नक्की धरायचा ना, बाई? बैलच?"

"नक्की."

"बरं."

मला असा संताप आला! "मोठे माय, तुझ्या घरी चार बैल हायेत म्हणून..." एवढंच बोलले आणि मायनं दंडाला असा चिमटा काढला की पुढचं गिळावं लागलं. वाटेनं मी रडायला लागले. आणि रडता रडता माझ्या ध्यानात आलं की आता तर नांदेडला जायला मिळणार, मग मी रडते कशाला? पण त्या मुगाच्या ओळीन् ओळीत माझे दाणे होते. मला कुठंही जायचं नव्हतं. थेटरावरची बाई गेली खड्ड्यात!

घरी आल्यावर मायनं चूल पेटवली. मूग सोलून तेलाची फोडणी देऊन उसळ केली, कणसं भाजली, भाकऱ्या केल्या. बाजूच्या दुसऱ्या चुलीवर स्वतःसाठी नुसत्या मिठात अळू शिजत ठेवलं. मग वाटीत तूप आणि हळद कालवून ती बाबांच्या मागं जाऊन बसली. "सदरा काढा."

"काहून?"

"खांदेमळणी राहिली पोळ्याची."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, तसं तिनं बाबांच्या सोललेल्या खांद्याला चोळलं. बाबा लाजून लालेलाल. "अगं, पोरगी बघून राहिली."

"बघू दे. बाईनं नदीवर सांगितलं, तुमाला आज बैलच धरायचं."

तिनं त्यांच्यापुढं ताट ठेवलं. मूग, कणसं, भाकरी. स्वतःच्या ताटात अळू घेतलं आणि समोर बसली. बाबांनी दोन घास खाल्ले, मग त्यांची नजर तिच्या ताटावर गेली.

"तुझ्या ताटात शेतातलं काय?"

"काही न्हाई. त्यात तुमचे कष्ट हायेत. मला ते आज खाता येत न्हाई." तिनं अळूचं ताट पुढं ओढलं. "मी हरले. ठरलं ते ठरलं."

मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते, आणि देवा-ऋषींना, मोठ्या मायला, नांदेडच्या गिरणीला, सगळ्यांना मनातून शिव्या देत होते. बाबा सावकाश चावत होते. सगळं ताट त्यांनी निपटून खाल्लं, एक मूग ठेवला नाही. हात धुतले. मग दाराशी उभं राहून, बाहेर बघत म्हणाले, "पुढल्या महिन्यात हट्ट्याहून बैल आणतो. चाचाचा एक मागून जोडी लावू, रब्बीला रान पेरता येईल. पण बांधालगतचा दोन गुंठ्यांचा कोपरा औताखाली न्यायचा न्हाई. बैलाचा न्हाई अन् माझा बी न्हाई. तेवढा तुझा, पंचमीचा."

माय उत्तर द्यायच्या आत त्यांनी कोपऱ्यातली कुदळ उचलली. "आत्ताच आखून येतो."

माय ताटावरून तशीच उठली. डोळ्यांना पदर लावलेला, हात अळूनं भरलेला, आणि दारातून ओरडली, "अवो! ठेवा ती कुदळ खाली! आज तुमाला सुट्टी हाय!"