उजव्या डब्यातला डिटेल

चहा निवला तरी चालेल, पण आधी हे ऐका. कारण मी स्वतःच्या घरात, स्वतःच्या सासऱ्यासमोर जी माती खाल्ली ना, तशी अख्ख्या नांदेड जिल्ह्यात कुणी खाल्ली नसेल. हसायचं तर हसा, पण गोष्ट संपल्यावर.

माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. बूड एका जागी टिकत नाही. कचेरीत बसलो की घरी जावंसं वाटतं, घरी आलो की गच्चीवर, आणि गच्चीवर गेलो की वाटतं, खाली काहीतरी राहिलं. मासे पाळून झाले, गच्चीवर ढोबळी मिरची लावून झाली, स्वतः करायला घेतलेल्या दुर्बिणीचं नळकांडं अजून माळ्यावर पडून आहे. सगळं अर्धवट! आमची मंजू, म्हणजे माझी बायको, म्हणते, "तुमच्या धरसोडीचं एकदा प्रदर्शन भरवू. जागा तेवढी मोठी लागंल."

त्यात डोक्यात शिरले स्पीकर. साधे नाही, फुल रेंज! म्हणजे कसं, नेहमीच्या स्पीकरात जाड आवाजाला वेगळा कोन आणि बारीक आवाजाला वेगळा. फुल रेंजमध्ये एकच मोठा कोन सगळं काम करतो. घरात एकटीच बाई स्वयंपाक, धुणं, भांडी आणि पोरांचा अभ्यास बघते ना, तसं. हे उदाहरण मी मंजूला द्यायला नको होतं, पण ते असो.

ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे ते कोन, मागवले परातीएवढे. मग त्यांना डबे केवढे लागणार? सुताराकडून प्लायवूडचे दोन डबे करून घेतले, उभे केले तर माझ्या छातीला लागतील असे. विष्णुपुरीकडच्या आमच्या घराचा हॉल तो केवढा! सोफा व्हरांड्यात गेला, टीव्ही आतल्या खोलीत गेला. शेजारच्या काकू दारातूनच विचारून गेल्या, "डीजे टाकला का रे? आमच्या पिंटूच्या वरातीला येशील ना?"

खरी अडचण निराळीच होती. मंजूला त्याच हॉलमध्ये शिवणक्लास काढायचा होता. मशिनी आल्या होत्या, मुली रोज विचारून जात होत्या, जागाच तेवढी नव्हती.

"अहो, या पेट्या राहणार का माझा क्लास राहणार? काय ते एक ठरवा."

"आधी आवाज तर ऐक! आपण असं करू, तिसऱ्याच माणसाला ऐकवू. तो म्हणाला चांगले, तर स्पीकर राहतील. नाही म्हणाला, तर हॉल तुझा."

"तिसरा कोण?"

"तुझे अण्णा!"

आता यातला माझा कावा बघा. मंजूचे अण्णा, म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. कंधारकडं शेती, भजनात सगळा जन्म गेलेला, कान एकदम तयार. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मी त्यांचा जावई! आपल्याकडं जावयाला कुणी नाव ठेवतं का? भाजीत मीठ जास्त झालं असं मी नुसतं पुटपुटलो, तर सासुरवाडीत अख्खं भगुणं बदलतात. एकदा शेतात मी तुरीला उडीद म्हणालो होतो. मामा म्हणाले, "तुमच्याकडं तसं म्हणत असतील." असला पंच मिळाल्यावर निकाल खिशातच की! मंजू लगेच हो म्हणाली, तेव्हाच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

डब्यात आवाज घुमू नये म्हणून आत मऊ काहीतरी भरावं लागतं. इंटरनेटवरचे लोक मेंढीची लोकर भरतात. मी म्हटलं, कंधार तालुका हाताशी असताना लोकर कशाला? लावला फोन.

"मामा, थोडा कापूस पाहिजे होता."

"कापूस? गादी भरायची का?"

"नाही, स्पीकर भरायचेत."

पलीकडून आवाज आला, "बरं. धाडतो."

जावयानं मागितलं म्हटल्यावर विचारायचं काय? मेव्हण्यानं दुसऱ्याच दिवशी एसटीनं गाठोडं आणून टाकलं. पहिल्या वेचणीचा, पांढराशुभ्र कापूस, थेट शेतातला. म्हणजे आतल्या बियांसकट, सरकीसकट!

मंजूनं हात घालून पाहिलं. "सरकी काढल्याबिगर कापूस भरतेत का कुठं? थांबा जरा. जिनिंगवरून काढून आणू, मग पिंजून घेऊ."

थांबा? मी? अहो, डब्याचं पॉलिश वाळायच्या आत मी त्यावर बोटं उमटवून ठेवली होती! माझं डोकं धावायला लागलं. सरकीला वजन असतं. वजन असलं की थरथर कमी होते. थरथर कमी झाली की आवाज स्वच्छ. म्हणजे सरकी हवीच! झाला सिद्धांत तयार. दोन्ही डबे दाबून भरले, मागची फळी लावली, स्क्रू पिळले. हवा खेळायला मागच्या फळीत खालच्या बाजूला मुठीएवढं गोल भोक होतंच.

सुरुवातीला आवाज चांगला आला. गोड आला. पण मला चैन पडेना. बसायचो, उठायचो, एक डबा वीतभर सरकवायचो, परत बसायचो. मंजू वैतागून म्हणायची, "अहो, एक गाणं तरी पुरं ऐका की!"

आणि एका रविवारी तो आला. डिटेल!

आमच्या स्पीकरवेड्या जमातीत हा फार मोठा शब्द आहे. रेकॉर्डिंगच्या पोटात दडलेले बारीकसारीक आवाज, जे साध्या स्पीकरला झेपतच नाहीत, ते म्हणजे डिटेल. मी हळू आवाजात गाणं लावलं होतं, आणि उजव्या डब्यातून एकदम नाजूक खसखस आली. गायिकेचा पदर! मी उडालोच. तबला लावला, तर तबलजी बोटांना पावडर चोळतोय. बातम्या लावल्या, तर निवेदक कागद उलटतोय! आवाज मोठा केला की डिटेल गायब, लहान केला की हळूच परत हजर. उत्तम चीज हळू आवाजातच कळते, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

मंजूला ओढत आणलं. तिनं मान वाकडी करून ऐकलं, मग नाक मुरडलं. "खसखस म्हणजे काय ते मला कळंना. वास मात्र येऊन राहिला."

"नव्या प्लायवूडचा असेल. नवा स्पीकर मुरावा लागतो. लोणचं मुरताना वास येत नाही का?"

आता आम्हा स्पीकरवेड्यांच्या मोबाईलवरच्या ग्रुपचे म्होरके म्हणजे लातूरचे सलगरे. या माणसानं आजवर कुणाच्याही स्पीकरला 'बरा' म्हटलेलं नाही. फोनवर माझं वर्णन ऐकलं आणि त्यांनी सरळ नांदेडची गाडी पकडली. चपला काढता काढताच म्हणाले, "लावा."

मी त्यांच्या आवडीच्या गवयाची बैठक लावली. सलगऱ्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं खसखस आली. त्यांनी एक डोळा उघडला.

"हे काय हाय?"

"श्रोते, सलगरे सर. कुणीतरी मांडी बदलली."

"हेच रेकॉर्डिंग माझ्याकडं हाय. इतकी वर्षं ऐकून राहिलो. मांडी कुणीच बदलली न्हाई!"

"तुमचे स्पीकर दाखवत नसतील," मी म्हणालो. किती नम्रपणे म्हणालो म्हणून सांगू!

सलगऱ्यांचा चेहरा उतरला. चहासुद्धा अर्धाच प्याले. शेवटी खालच्या आवाजात विचारलं, "आत काय भरलं भाऊ?"

"कंधारचा कापूस. सरकीसकट. खरी जादू सरकीतच आहे."

उरलेलं गाठोडं मांडीवर घेऊन ते लातूरला परतले आणि ग्रुपवर लिहिलं, 'नांदेडला आज जे ऐकलं, ते जन्मात ऐकलं नव्हतं.' मी तो मेसेज मंजूला वाचून दाखवला, दूधवाल्याला वाचून दाखवला. मग ग्रुपवर सरकीच्या शास्त्रावर लांबलचक लिहून काढलं. धर्माबादहून, उदगीरहून लोक विचारायला लागले, कापूस कितव्या वेचणीचा घ्यावा? मी ठोकून दिलं, पहिल्याच!

अशा हवेत मी असताना मामा डोळे तपासायला नांदेडला आले. दुपारी जेवणं झाली. मामांना हॉलमधल्या एकुलत्या खुर्चीत बसवलं. मेव्हण्यानं मोबाईलवर मामांचंच एक भजन रेकॉर्ड करून पाठवलं होतं. तेच लावलं.

आणि काय आवाज आला म्हणता! मामा समोर बसलेले आणि दोन डब्यांच्या मधोमध दुसरे मामा उभे राहून गातायत! घशातली ती खर, ओळीआधीचा श्वास, एकतारीची तार. मंजू भांडी सोडून ओल्या हातानं आली आणि दारातच थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं सांगतो, जन्मात पहिल्यांदा मी काहीतरी पुरं केलं होतं आणि ते चांगलं झालं होतं.

त्या वेळी मी गप्प बसलो असतो तर! पण गप्प बसेन तर मी कसला?

कडवं संपलं, आवाज खाली उतरला आणि उजवीकडून खसखस सुरू झाली.

"मामा, ऐकलं? तुमच्यामागं बाया बसल्यात! लुगड्याची सळसळ येतेय बघा!"

मामांनी उजव्या डब्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. "असतील."

"उजव्या हाताला बसल्या होत्या ना?"

"तुम्ही म्हणता तर उजव्याच हाताला असतील."

"आणि हे कुडुम कुडुम ऐका! प्रसादाची खडीसाखर फोडतंय कुणीतरी!"

"परसाद तर लागतोच की, जावईबापू."

मंजू पुढं आली. "अण्णा, खरं सांगा."

"जावईबापू सांगून राहिले की."

"बघ मंजू!" मी अशी उडी मारली, आणि तेवढ्यात लाईट गेली.

पंखा थांबला. अॅम्प्लिफायरचा दिवा विझला. भजन अर्ध्या ओळीत तुटलं. हॉलमध्ये चिडीचूप.

आणि त्या शांततेत उजव्या डब्यातून डिटेल चालूच!

खसखस. कुडुम. खसखस.

लाईट गेली तरी बाया आपली लुगडी सावरून राहिल्या होत्या. खडीसाखर फुटतच होती. शेवटी मीच म्हणालो, "कधी कधी आत थोडा करंट शिल्लक राहतो."

"राहत असंल," मामा गंभीरपणे म्हणाले.

मंजूनं स्क्रू-ड्रायव्हर आणून माझ्या हातात दिला. मी मागची फळी काढली. आत सरकीच्या टरफलांचा ढीग, त्यावर कापसाची मऊ गादी आणि गादीवर उंदरीण आणि तिची गुलाबी पिल्लं! तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मीच न विचारता तिच्या घरात शिरलो.

"मामा," मी कसंबसं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पयल्याच कडव्याला. कापसाच्या घरात जन्म गेला, उंदीर वळखू येत न्हाई व्हय?"

"मग सांगायचं ना!"

"तुम्ही म्हणलात, बाया हायेत. जावयाला न्हाई कसं म्हणावं?" मामा खुर्चीतून उठले. "तसं ते भजन म्हणलं तवा शेतातल्या आखाड्यावर मी, मोबाईल धरलेला पोरगा अन् माझे दोन बैल व्हते."

मंजू हसत हसत खालीच बसली. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "अहो, अण्णांचा आवाज ऐकूनच मी हो म्हणणार होते. क्लास मागच्या खोलीत घेतला असता. तुम्ही नुसतं गप बसायचं होतं."

हे मात्र मला लागलं. अजून आठवलं की लागतं.

त्यानंतर दोन्ही डबे आडवे झाले, त्यांच्यावर एक मोठी फळी बसली, आणि आता हॉलमध्ये मुली त्यावर ब्लाऊजचं कापड बेततात. ड्रायव्हर माळ्यावर आहेत, दुर्बिणीच्या नळकांड्याशेजारी. मामा जाताना पाठीवर हात ठेवून म्हणाले, "डबा मातर मजबूत केलात हो. उंदराला बी सोडून जावं वाटलं न्हाई."

ग्रुपवर मात्र मी चकार शब्द काढला नाही. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तर कालच सलगऱ्यांचा फोन!

"भाऊ, कापूस भरला. सरकीसकट, पयल्या वेचणीचा, तुम्ही सांगितला तसाच. रोज समोर बसून राहिलो. पण डिटेल काही येऊन राहिला न्हाई. काय चुकलं?"

आता या माणसाला काय सांगणार? मी घसा खाकरला. "सलगरे सर, डब्याचं मागचं भोक मोकळं आहे ना?"

"न्हाई हो, जाळी बसवली त्याला. आत कापूस भरल्यावर उंदीर शिरणार, हे ल्हान लेकराला बी कळतं की!"